तळाचा हिशेब : बॅनबरीच्या कालव्यावरील डिसेंबर महिना

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यात, चेरवेल नदीच्या काठी बॅनबरी हे जुने बाजाराचे गाव वसले आहे. डिसेंबर लागला की तेथील ‘कॅसल की’ या व्यापारसंकुलात नाताळच्या खरेदीची झुंबड उडते. दुकानांच्या काचांमागे दिव्यांच्या माळा लुकलुकतात आणि माणसे दोन्ही हातांत पिशव्या सावरीत हिंडत असतात. याच संकुलाच्या भिंतींना खेटून ऑक्सफर्ड कालव्याचे काळसर, संथ पाणी पसरलेले आहे. त्या पाण्याच्या कडेला, आधुनिक इमारतींच्या ऐन मधोमध, १७९० पासून चालू असलेला एक नौकादुरुस्तीचा कारखाना आहे. टूली या घराण्याच्या नावाने तो ओळखला जातो. त्याची जुनी लोहारभट्टी जपून ठेवलेली आहे आणि त्याची सुकी गोदीही शाबूत आहे. सुकी गोदी म्हणजे नौकेच्या मापाचा एक लांबट हौद. त्यात नौका आत घ्यायची, तोंड बंद करायचे आणि पाणी काढून टाकायचे, म्हणजे एरवी कधीही न दिसणारा नौकेचा तळ उघडा पडतो.

बाहेर सणाची खरेदी चालू असते आणि काही पावलांवर कोणी तरी ओल्या पोलादाखाली वाकून गंज खरवडीत असतो. ज्यांचे घरच पाण्यावर आहे, अशा कुटुंबांचा डिसेंबर महिना या दोन दृश्यांच्या मधोमध जातो. सुट्टी आणि दुरुस्ती त्यांना वेगळ्या करता येत नाहीत.

भांडवलाअभावी थांबलेला कालवा

बॅनबरीचा कालवा हा मुळात व्यापाऱ्यांचा उद्योग होता. कव्हेंट्रीच्या परिसरातील खाणींचा कोळसा दक्षिणेकडे ऑक्सफर्डपर्यंत आणि तेथून टेम्स नदीने पुढे न्यावा, या हेतूने १७६९ मध्ये संसदेने या कालव्याला मंजुरी दिली. जेम्स ब्रिंडली हा त्या काळचा नामवंत कालवेकार त्याचा अभियंता होता. डोंगर फोडण्याऐवजी जमिनीची समपातळी धरून वळणावळणाने कालवा न्यावा, ही त्याची रीत. १७७२ मध्ये त्याचे निधन झाले आणि काम त्याचा सहकारी सॅम्युअल सिमकॉक याने पुढे चालविले. १७७८ मध्ये कालवा बॅनबरीला पोहोचला आणि तेथेच कंपनीची थैली रिकामी झाली. पुढचा टप्पा वर्षानुवर्षे रखडला. कालवा ऑक्सफर्डला पोहोचला तो १ जानेवारी १७९० रोजी. बॅनबरीच्या दक्षिणेकडे विटांच्या कमानींऐवजी लाकडी उचलपूल मोठ्या संख्येने दिसतात, ते त्या वेळी केलेल्या काटकसरीची खूण आहे.

खर्च वाचविण्याचा हाच विचार कालव्याच्या रुंदीतही दिसतो. उंचसखल जमिनीवरून नौका वरखाली नेण्यासाठी ‘लॉक’ म्हणजे पाण्याचे जिने बांधावे लागतात. दोन्ही टोकांना दारे असलेल्या कोठीत नौका घ्यायची, पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि नौका पुढच्या पातळीवर न्यायची. या कोठ्या जेमतेम सात फूट रुंद ठेवल्या गेल्या, कारण रुंद कोठीला विटा अधिक लागतात आणि पाणीही अधिक लागते. त्या एका निर्णयामुळे या कालव्यांवरील नौकांचे माप कायमचे ठरून गेले. रुंदी सहा फूट दहा इंच आणि लांबी जास्तीत जास्त सुमारे सत्तर फूट. इंग्रजीत या नौकेला ‘नॅरोबोट’, म्हणजे अरुंद नौका, असेच नाव पडले.

प्रारंभी नावाडी काठावर घर करून राहत असत. १८४० च्या सुमारास रेल्वेची स्पर्धा वाढली, मालवाहतुकीचे दर कोसळले आणि जमिनीवरचे भाडे व पगारी मदतनीस या दोन्ही गोष्टी परवडेनाशा झाल्या. तेव्हा अनेक नावाड्यांनी बायकामुलांसह नौकेवरच मुक्काम हलविला. मालासाठी जवळजवळ सारी नौका, आणि संसारासाठी मागच्या टोकाला सुमारे दहा फूट लांबीची एक खोली! आज नौकेवर राहणारी माणसे बहुधा आवडीने किंवा घरांच्या वाढत्या किमतींमुळे तेथे येतात. पहिली पिढी मात्र दरयुद्धात हरल्यामुळे आली होती. त्या मुलांच्या आरोग्यासाठी आणि शिक्षणासाठी जॉर्ज स्मिथ या सुधारकाने झगडून १८७७ आणि १८८४ मध्ये कायदे करवून घेतले.

दिवस पावणेआठ तासांचा

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येथे सूर्य सुमारे पावणेआठ तासच दिसतो, आणि तोही ढगांमागून. नौकेच्या छतावरील सौरपट्ट्या उन्हाळ्यात घरभर वीज पुरवितात, पण या दिवसांत त्यांचा उपयोग नाममात्र उरतो. मग बॅटऱ्या भरण्यासाठी इंजिन चालवावे लागते. शेजारी दुसरी नौका असेल तर रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात इंजिन बंद ठेवायचे, असा नियम आहे. त्यामुळे वीज किती साठली आणि किती खर्ची पडली याचा हिशेब घरातील लहान मुलांनाही तोंडपाठ होतो. पाण्याचेही तसेच. टाकीत काही शे लिटर पाणी मावते, ते संपले की नौका हाकून नळापाशी न्यावी लागते, आणि कडाक्याच्या थंडीत तो नळच गोठलेला असतो.

स्वयंपाकाच्या गॅसलाही थंडीची मर्यादा आहे. ब्युटेन वायू शून्य अंशाच्या किंचित खालीच द्रवरूप होतो आणि सिलिंडर भरलेला असूनही शेगडी पेटत नाही. म्हणून हिवाळ्यात प्रोपेनच वापरतात, कारण तो उणे बेचाळीस अंशांपर्यंत वायुरूप राहतो. हा वायू हवेहून जड असल्याने गळती झाली तर तळाशी साचतो. यासाठी सिलिंडरचा कप्पा घरापासून बंदिस्त असतो आणि त्याच्या तळाशी थेट बाहेर उघडणारी छिद्रे असतात. ऊब मिळते ती कोळशाच्या किंवा लाकडाच्या बंद शेगडीने. या शेगडीतून विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो, म्हणून २०१९ च्या एप्रिलपासून राहण्याची सोय असलेल्या नौकांवर त्याची सूचना देणारा गजर सक्तीचा झाला आहे.

कोळसा, गॅस आणि डिझेल विकणाऱ्या नौका अजूनही कालव्यांवरून फिरतात. घरोघर जावे तसे त्या एकेका नौकेपाशी थांबतात, पोती उतरवितात आणि पैसे घेऊन पुढे सरकतात. ज्या धंद्यासाठी हा कालवा खोदला गेला, तो इतक्या वर्षांनंतर अशा किरकोळ विक्रीच्या रूपाने टिकून राहिला आहे.

कालव्यावर राहण्याच्या हक्कालाही अटी आहेत. सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही संस्था सांभाळते. १९९५ च्या कायद्यानुसार ज्यांना कायमची जागा नाही, त्यांना एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून अधिक थांबता येत नाही. सबळ कारण असेल तरच त्यात सवलत मिळते. अशा फिरत्या नौकांवर एप्रिल २०२४ पासून परवाना शुल्काचा जादा भार टप्प्याटप्प्याने बसू लागला आहे. हिवाळ्यापुरती भाड्याची जागा घेता येते, पण तिचाही खर्च असतो. वर्षअखेरीस नौकेवरील कुटुंबाच्या वहीत परवाना, विमा, कोळसा आणि सण अशा सगळ्या नोंदी एकाच वेळी उभ्या राहतात. त्यांत सर्वांत मोठी आणि सर्वांत अनिश्चित नोंद तळाची असते.

पाण्याखालचा घसारा

आजची नॅरोबोट पोलादाची असते. नव्या नौकेचा तळपत्रा साधारणपणे १० मिलिमीटर, बाजू ६ मिलिमीटर आणि वरचे छप्पर ४ मिलिमीटर जाडीचे असते. गंज ही जाडी सतत खात असतो. त्याची सर्वाधिक झीज पाण्याच्या रेषेपाशी होते, कारण तेथे पाणी आणि हवा दोन्ही असतात. काठावरून विजेची तार जोडली असेल, तर शेजारच्या नौकांच्या धातूंशी एक अदृश्य विद्युत्‌मंडल तयार होऊन पोलाद आणखी वेगाने झिजू शकते. आत गालिचा अंथरलेला असतो, पितळी कड्या लखलखत असतात, खिडक्यांना पडदे असतात, आणि पायाखाली घर पातळ होत जाते. व्यापारी पेढीत घसारा निदान वर्षातून एकदा कागदावर मांडला जातो. येथे मात्र नौका पाण्याबाहेर काढल्याशिवाय तो मांडताच येत नाही.

म्हणून दोन-तीन वर्षांनी गोदीची पाळी घ्यावी लागते. डिसेंबर हा त्यासाठी आदर्श महिना नव्हे. थंडीत डांबर वाळायला वेळ लागतो आणि ओल्या पत्र्यावर ते धरतही नाही, म्हणून बरीच मंडळी उन्हाळा निवडतात. पण नोकरदारांना सलग रजा मिळते ती नाताळात, मुलांच्या शाळाही तेव्हाच बंद असतात आणि हिवाळी कामांसाठी कालव्याचे काही टप्पे बंद राहिल्याने दूरच्या प्रवासाचा बेत तसाही करता येत नाही. छप्पर असलेली गोदी मिळाली, तर हाच महिना दुरुस्तीला लावता येतो.

गोदीत नौका अलगद तुळयांवर टेकते आणि पाणी उतरते. कुटुंब बहुधा आतच राहते, पण घराचे सारे रीतिरिवाज बदलतात. शिडीने चढायचे आणि शिडीने उतरायचे. न्हाणीचे व भांड्यांचे पाणी एरवी कालव्यात जाते. गोदीत ते खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर पडेल, म्हणून ते बादलीत धरून बाहेर नेऊन ओतावे लागते. पाण्यावरची सवयीची डुलणी थांबते, आणि अनेकांना पहिल्या रात्री त्या निश्चलतेनेच झोप येत नाही.

प्रथम दाबाच्या पाण्याने शेवाळ धुतले जाते आणि सुटलेला गंज खरवडला जातो. मग तपासनीस येतो. तो छोट्या हातोडीने पत्रा वाजवीत फिरतो आणि ध्वनिलहरींच्या यंत्राने जागोजागी जाडी मोजतो. या तासाभरात घरातील संभाषण मंदावते, कारण त्या आकड्यांवर पुढचे सारे अवलंबून असते. विमा कंपन्या सामान्यतः ४ मिलिमीटरची जाडी किमान मानतात. सहाचे पाच झाले असतील तर घर सुरक्षित. चाराखाली खड्डे सापडले तर त्या जागी नवा पत्रा जोडावा लागतो, आणि पट्टा मोठा असेल तर खर्च वर्षभराच्या बचतीला पुरून उरतो. विम्याविना परवाना मिळत नाही आणि परवान्याविना पाण्यावर राहता येत नाही. त्यामुळे एक-दोन मिलिमीटरच्या फरकावर एखाद्या कुटुंबाचे घर टिकते किंवा डळमळते.

निकाल बरा आला तर पुढची कामे क्रमाने होतात. नौकेच्या बाजूंना मॅग्नेशियमचे ठोकळे जोडलेले असतात. ते पोलादाआधी स्वतः झिजतात आणि पोलादाला वाचवितात. अर्धे संपलेले ठोकळे काढून नवे बसविले जातात. सुकाणू आणि पंख्याचे सांधे पाहिले जातात. पंख्याचा दांडा जेथून बाहेर जातो, तेथील वंगण आणि भरण बदलले जाते, कारण तेथूनच पाणी आत झिरपते. शेवटी डांबराचे दोन-तीन हात, आणि प्रत्येक हातानंतर वाळण्याची प्रतीक्षा. लाकडी नौकांच्या काळात तळाला एल्म लाकडाच्या फळ्या असत. तेव्हा डांबर, जनावरांचे केस आणि घोड्याची लीद एकत्र तापवून त्यांचा लेप फटींवर थापीत. साहित्य बदलले, पण तळाची निगा राखण्याची गरज तीच राहिली.

बॅनबरीच्या याच कारखान्यात १९३९ मध्ये एल. टी. सी. रोल्ट या अभियंत्याने ‘क्रेसी’ नावाची जुनी लाकडी नौका राहण्याजोगी करून घेतली. त्या उन्हाळ्यात तो पत्नीसह तिच्यावर राहावयास गेला. पुढे त्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९४६ मध्ये विस्मृतीत चाललेले कालवे वाचविण्यासाठी त्याने सहकाऱ्यांसोबत एक संस्था स्थापन केली. आज तीस हजारांहून अधिक नौका या जलमार्गांवर आहेत, त्यामागे त्या चळवळीचा मोठा वाटा आहे.

सण, बर्फ आणि शेजार

नाताळच्या आठवड्यात बहुतेक कारखाने बंद असतात. म्हणून वीस-बावीस तारखेपर्यंत नौका पाण्यात परत उतरली पाहिजे, ही घाई साऱ्यांनाच असते. गोदीत पाणी शिरू लागले की घरातील एक माणूस दिवा घेऊन आतल्या तळाशी बसतो आणि कोठे थेंब दिसतो का ते पाहतो. तासाभराने नौका पुन्हा डुलू लागते, आणि मग दारावर हिरव्या पानांचे कडे टांगले जाते.

सुट्टी म्हणजे दूर जाणेच असे नाही, हे कालव्यावर चांगले कळते. जी कुटुंबे नातेवाइकांकडे जातात, ती आधी नळ्यांमधील पाणी काढून टाकतात, नाही तर ते गोठून नळ्या फुटतात. मागे राहिलेले शेजारी त्यांच्या नौकांच्या दोऱ्या आणि बॅटऱ्या पाहतात. ज्याची शेगडी तापलेली आहे, त्याच्याकडे इतर जण जमतात. सात फुटांच्या खोलीत गर्दी लवकर होते आणि थंडी तितक्याच लवकर पळते. या घरात भेटवस्तूही जपून द्याव्या लागतात. नवी वस्तू आत यायची तर जुनी बाहेर जावी लागते, कारण कपाटाला वाढायला जागाच नसते. परिग्रहाची मर्यादा येथे भिंतींनीच घालून दिलेली आहे.

कालवा गोठला की आणखी एक संयम पाळावा लागतो. बर्फ फोडीत नौका हाकता येते, पण बर्फाचे धारदार तुकडे ताजे डांबर खरवडून काढतात. त्याहून वाईट म्हणजे ते काठाला बांधलेल्या दुसऱ्या नौकांवर जोराने आदळतात. लाकडी किंवा फायबरच्या तळाला त्याने चीर पडू शकते. आपल्या प्रवासाने दुसऱ्याच्या घराला इजा होऊ नये, म्हणून समंजस माणसे बर्फ वितळेपर्यंत थांबतात. चौदा दिवसांचा नियमही अशा वेळी सबळ कारण मान्य करतो.

बर्फाची ताकद या कालव्यांनी अनुभवली आहे. १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्याच दिवशी कडाक्याची थंडी सुरू झाली आणि मार्च उजाडेपर्यंत ती हटली नाही. मालाने भरलेल्या नौका जागच्या जागी अडकल्या आणि ग्राहकांनी माल रस्त्याने मागविला. बर्फ वितळला, पण ते ग्राहक परतले नाहीत. त्याच वर्षी सरकारी जलमार्ग मंडळाने अरुंद नौकांवरील आपली बरीचशी मालवाहतूक बंद केली. उताराला लागलेला धंदा एका हिवाळ्याने संपविला. गाडी थांबली तरी ग्राहक थांबत नाही, हा धडा कोणत्याही पेढीला ओळखीचा वाटेल.

कालव्याचाही तळ उघडा पडतो

हिवाळ्यात एकेका लॉकची दुरुस्तीही हाती घेतली जाते. दोन्ही बाजूंना फळ्यांचे बांध घालून मधले पाणी उपसले जाते. त्याआधी तेथील मासे सौम्य विद्युत्‌प्रवाहाने क्षणभर गुंगवून, जाळ्यांनी अलगद उचलून शेजारच्या पाण्यात सोडले जातात. त्यासाठी वेगळी माणसे आणि वेगळा वेळ राखून ठेवलेला असतो. यंत्राचे काम थांबवून आधी जिवांची सोय पाहण्याची ही पद्धत कोणालाही समाधान देणारी आहे.

मग ओकच्या लाकडाची जुनी दारे निघतात आणि नवी बसतात. वेकफील्डजवळील स्टॅन्ली फेरी आणि वुल्व्हरहॅम्प्टनजवळील ब्रॅडली येथील कार्यशाळांत ती घडविली जातात. प्रत्येक लॉकचे माप किंचित वेगळे असल्याने दार त्या-त्या जागेसाठीच तयार करावे लागते, आणि ते साधारण पंचवीस वर्षे टिकते. काही ठिकाणी कोरड्या लॉकमध्ये उतरून पाहण्यासाठी लोकांना मुद्दाम बोलावले जाते. लहान मुले शिडीने खाली जातात आणि दोनशे वर्षांपूर्वी हातांनी रचलेल्या विटांना स्पर्श करतात. ज्या भिंतीच्या आधारावर हजारो नौका वरखाली गेल्या, ती त्यांना पहिल्यांदाच दिसते.

जानेवारीच्या आरंभी शाळा उघडतात, रजा संपतात आणि दिवस रोज मिनिट-दोन मिनिटांनी वाढू लागतो. बॅनबरीच्या दुकानांतील दिव्यांच्या माळा उतरतात. महिनाभर केलेल्या कामाचा कोणताही भाग आता दिसत नाही. डांबर पाण्याखाली आहे, मॅग्नेशियमचे ठोकळे पाण्याखाली आहेत आणि काठावरून जाणाऱ्याला नौका पूर्वीसारखीच दिसते. घरातल्या माणसांना मात्र आपल्या पायाखाली किती मिलिमीटर पोलाद उरले आहे, याचा नेमका आकडा आता ठाऊक असतो. तो आकडा नौकेच्या वहीत लिहिला जातो, त्यापुढे पुढच्या गोदीचे वर्ष टाकले जाते, आणि त्या खर्चासाठी पहिली रक्कम जानेवारीतच बाजूला काढली जाते.